दोघींचा एकच गळ

मित्रांनो, मी एक जुना गळ आहे; पण तुमच्या डोळ्यांसमोर येईल तसला नाही. बांबूच्या काठीला दोरी, दोरीला आकडा आणि आकड्याला गांडूळ, हे माझे दूरचे नातेवाईक. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझं काम मात्र निराळं. पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी वाहत्या पाण्यावर इतकी अलगद ठेवायची, की माशाला ती खरी वाटावी. या माशीला वजन असं नसतंच. वजन असतं दोरीत, म्हणून दोरीच हवेत मागे-पुढे झुलवून लांब फेकायची असते. दुकानात मला फ्लाय रॉड म्हणत. घरी सगळे गळच म्हणतात आणि मला तेच आवडतं.

सध्या माझा मुक्काम एका घराच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीन आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात आहे. दुपारचं ऊन भिंतीवरून सरकत सरकत माझ्यापर्यंत येतं, माझ्या कड्या चमकू लागतात आणि मला पेंग येते. गळाचं निम्मं आयुष्य पेंगण्यातच जातं. तेव्हा सांगता सांगता मी मध्येच नदीकडे वाहवत गेलो, तर मला हाक मारा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेच्या तंतूंचं कापड एका निमुळत्या पोलादी सळईभोवती घट्ट गुंडाळलं, भट्टीत भाजलं आणि सळई ओढून काढली. मग हिरवा रंग लागला, बुचाची मूठ बसली आणि दोरी ओवायला माझ्या अंगावर नऊ कड्या बांधल्या गेल्या. कड्या बांधणारी बाई कामात गुणगुणायची. तिचा सूर बोटांतून माझ्यात उतरायचा आणि मी शेंड्यापर्यंत थरथरायचो. जगात सगळीकडे असंच गुणगुणत काम चालत असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. शेवटच्या टेबलावर एका माणसाने माझ्या अंगावर चिठ्ठी चिकटवली : 'नवशिक्यांसाठी'. खोटं कशाला सांगू, ती मला झोंबली.

सायकलींचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या भिंतीवर मी वर्षभर टांगलेला होतो. शेजारी एक काळा, सडपातळ, महागडा दांडा होता. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला हातात घेऊन हवेत सपसप फिरवायचं आणि मला बाजूला सारायचं. तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. त्याला बोलायला सवडच नसायची.

आणि मग एका सोमवारी सकाळी दोन बायका दुकानात आल्या. त्या नणंद-भावजय होत्या. एक दुसरीला 'वन्सं' म्हणत होती आणि दुसरी पहिलीला 'वहिनी'. त्यांची नावं मला आजतागायत कळलेली नाहीत, कारण घरात ती कुणी घेतच नाही. वन्सं रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होत्या. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं, असं त्यांनी एकतीस वर्षं केलं. फाटकाच्या खोलीतून नदीचं एक वळण दिसायचं. तिथे गुडघाभर पाण्यात उभा राहून कुणीतरी लांबलचक दोरी हवेत झुलवत असायचं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वन्सं ती दोरी बघत बसायच्या. ती एकदा तरी आपल्या हाताने झुलवावी, असं त्यांना फार वाटे; पण फाटक सोडून कसं जाणार? शुक्रवारी त्या निवृत्त झाल्या आणि सोमवारी दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

वहिनी शिवणकाम करायच्या. त्या वन्संच्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्या घरात आता या दोघीच राहत होत्या.

वन्संचा हात आधी काळ्या दांड्याकडेच गेला. पण दुकानदार सरळ माणूस होता. तो म्हणाला, "बाई, तो ताठ आहे. मुरलेला हात पाहिजे त्याला. तुम्ही हा हिरवा घ्या. जरा सुस्त आहे, पण छान वाकतो आणि चुका पोटात घालतो. किंमतही आवाक्यातली आहे."

"आणि ते दोरी गुंडाळायचं? ते कुठलं चांगलं?" वन्संनी विचारलं.

"रीळ साधंच घ्या. तुम्हाला काही मगर धरायची नाहीये. रीळ म्हणजे दोरी ठेवायचं कपाट. पैसे घालायचेच असतील तर दोरीत घाला."

वहिनींनी लगेच दोरी चिमटीत धरून पाहिली आणि माल पसंत असल्यासारखी मान हलवली. "दोन गळ घेऊया का? एक तुला," वन्सं म्हणाल्या.

"मला कशाला? मी काठावर बसेन. तुम्ही पाण्यात पडलात तर ओढून काढायला कुणी नको?"

दुकानदाराने दोरी रिळावर भरली आणि माझ्या अंगावरची ती चिठ्ठी खरवडून काढली. दारातून बाहेर पडताना माझा शेंडा चौकटीला आपटला. वन्सं चौकटीलाच "माफ करा हं" म्हणाल्या. त्याच क्षणी मला त्या आवडल्या.

मित्रांनो, आता मी पाहिलेल्या दोन गुपितांबद्दल सांगतो. कोपऱ्यात उभं राहणाऱ्याला फार गोष्टी दिसतात आणि एकही बोलता येत नाही.

पहिलं गुपित त्याच दुपारचं. वन्सं झोपल्या होत्या. वहिनींनी रीळ हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुकानदाराने दोरी वेडीवाकडी भरली होती. मशीनच्या बॉबिनवर दोरा कसा एकाशेजारी एक, नीटनेटका बसतो! वहिनींना ते ओबडधोबड रीळ बघवेना. त्यांनी सगळी दोरी उलगडून दोन खुर्च्यांच्या पायांभोवती घेतली, दुकानदाराची गाठ सोडली आणि दोरी नव्याने इतकी सुरेख गुंडाळली, की बघत राहावं. फक्त एक झालं. शिवणाच्या दोऱ्याला दोन्ही टोकं सारखीच असतात. माझ्या दोरीला तशी नसतात. तिचे पुढचे तीस-पस्तीस फूट जाड आणि जड असतात, मागचं सगळं बारीक. वहिनींच्या हातून जाड बाजू आत गेली आणि बारीक बाहेर आली. त्यांनी समाधानाने रिळावर फडकं मारलं आणि त्या चहा ठेवायला गेल्या. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशाने?

दुसऱ्या दिवसापासून आमच्या नदीवर फेऱ्या सुरू झाल्या. नदी उथळ होती, तळाशी गोल दगड होते आणि पलीकडे वाळुंजाच्या झाडांची रांग. पाण्याला दिवसभर कसलीशी आठवण येत असल्यासारखा आवाज होता. वन्सं पाण्यात उभ्या राहायच्या, वहिनी काठावरच्या सपाट दगडावर बसून खोट्या माश्या बांधायच्या. कापडाचे तुकडे, उशीतली पिसं, रेशमाचे उरलेसुरले धागे, सगळं त्यात जायचं. माशी झाली की वहिनी तिची पिसं कात्रीने एकसारखी करायच्या. न कातरलेली कड ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

वन्संचा नियम सोपा होता. दोरी मागे गेली की थांबायचं. ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत पुढे आणायची नाही. "शेवटचा डबा जाऊ दे," असं त्या स्वतःलाच बजावायच्या. एकतीस वर्षांचा तो सराव होता. घाई त्यांना माहीतच नव्हती. त्या अगदी बरोबर थांबायच्या, अगदी बरोबर हात पुढे आणायच्या आणि दोरी त्यांच्या पायांपाशी शेवयांसारखी गोळा होऊन पडायची. कशी जाईल? बाहेरच्या बारीक दोरीला वजनच नव्हतं. ती मला वाकवू शकत नव्हती आणि मी वाकलो नाही तर माझ्यात आणि झाडूच्या दांड्यात फरक तो काय?

वन्संना वाटलं, आपलं मनगटच वाईट. वहिनींना वाटलं, आपल्या माश्याच वाईट. दोघी एकमेकींना धीर द्यायच्या आणि घरी येऊन आपापल्या खोलीत हिरमुसून बसायच्या. असे दोन महिने गेले.

दुसरं गुपित त्याच दिवसांतलं. काम संपल्यावर वहिनी खिडकीशी बसून मोठा उसासा टाकायच्या. खरं म्हणजे मशीनवर वाकून त्यांची पाठ दुखायची, बाकी काही नाही. पण वन्सं दारातून ते बघत आणि त्यांचा चेहरा उतरत जाई. एका सकाळी वहिनी बाजारात गेल्या असताना वन्संनी मशीनच्या टेबलावर बसून एक पत्र लिहिलं आणि लिहिता लिहिता ते हळू आवाजात वाचलं. ते वहिनींच्या धाकट्या बहिणीला होतं. ती दूरच्या शहरात राहायची. 'माझा भाऊ गेल्यापासून ती केवळ माझ्याकडे बघून इथे अडकून पडली आहे. तिचं मन इथे रमत नाही. तुम्ही तिला राहायला बोलवा. मी कळवलं हे सांगू नका.' पाकिटाला डिंक लावताना वन्सं रडत होत्या. डिंक नीट लागला नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा लावला.

तीन आठवड्यांनी बहिणीचं पत्र आलं. वरची खोली रिकामी झाली आहे, मशीन ठेवायला जागा आहे, तू कायमचीच ये. वहिनींनी ते दोनदा वाचलं.

"वन्सं, काय करू? जाऊ का?"

"जा की," वन्सं पटकन म्हणाल्या. "सख्खी बहीण आहे तुझी."

वहिनींनी पत्राची घडी घातली आणि मशीनच्या झाकणाखाली सरकवली. वन्संना मी नकोशी झाले, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि वन्संना वाटलं, पाहा, हिला जायचंच होतं. मंगळवारच्या गाडीचं तिकीट निघालं. मित्रांनो, त्या आठवड्यात त्या घरात दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलत होत्या, की ऐकवत नव्हतं.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी आम्ही शेवटचं म्हणून नदीवर गेलो. ऊन कोवळं होतं, पाण्यावर पिवळी पानं तरंगत होती आणि मी अर्धवट झोपेतच होतो. वन्संनी दोरी फेकली. ती नेहमीसारखी जवळच पडली. पण तेवढ्यात मला असा हिसका बसला, की माझी झोप उडाली. रीळ करकर करत फिरू लागलं.

"मासा!" वन्सं किंचाळल्या. "वहिनी, मासा! केवढा मोठा आहे!"

"सोडू नका! मी आले!" वहिनी चपलांसकट पाण्यात शिरल्या आणि त्यांनी वन्संना कमरेला घट्ट धरलं. दोरी धावत होती, संपत आली होती, मी जन्मात पहिल्यांदा मुठीपर्यंत वाकलो होतो. काय सांगू, त्या वाकण्यात कारखान्यातला तो गुणगुणणारा सूर मला पुन्हा ऐकू आला. मग दोरी ताणली गेली, तिच्या टोकाचा, माशी बांधायचा नायलॉनचा धागा तुटला आणि वळणापाशी आमचा मासा वर आला. तो वाहत निघालेला एक ओंडका होता. त्याच्या फांदीवर आमची माशी दिमाखात बसून चालली होती.

दोघी हसल्या नाहीत. इतर दिवशी हसल्या असत्या. वहिनी मुकाट्याने दोरी हाताने ओढून गोळा करू लागल्या. आणि रिळाजवळची शेवटची दोरी हाताला लागली तशा त्या थबकल्या. कापड चाचपून चाचपून त्यांची बोटं फार तयार झाली होती. त्यांनी दोरीचं ते टोक चिमटीत फिरवलं, दुसरं टोक फिरवलं. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"वन्सं, ही आतली बाजू जाड आहे. फेकायची बाजू ही होती. मी... मी त्या दिवशी दोरी पुन्हा भरली होती. नीट दिसावी म्हणून. माझ्या हातून उलटी झाली."

"म्हणजे दोन महिने..."

"दोन महिने तुम्ही स्वतःच्या मनगटाला बोल लावलात. चूक माझी होती."

वन्संनी दोरीचं जाड टोक रिळावरून सोडवून हातात घेतलं. बारीक टोक वहिनींनी रिळाला बांधलं. दोरीला वाळू लागू नये म्हणून वन्सं टोक धरून काठाकाठाने चालत गेल्या, पार नव्वद फूट लांब. आता एका टोकाला वन्सं, दुसऱ्या टोकाला वहिनी आणि मध्ये ताणलेली दोरी. वहिनी रीळ फिरवू लागल्या, तशा वन्सं एकेक पाऊल जवळ येऊ लागल्या. आणि चालता चालता वन्सं मध्येच ओरडल्या. मला वाटतं, इतक्या लांबून बोलणं त्यांना सोपं गेलं असावं.

"वहिनी, तुझ्या बहिणीला पत्र मी लिहिलं होतं!"

वहिनींचा हात थांबला. "काय?"

"तुला बोलव म्हणून! मीच कळवलं!"

"मला घालवायला?" वहिनींचा आवाज चिरकला. "तोंडावर सांगायचं होतं, वन्सं! मी दुसऱ्याच दिवशी गेले असते!"

"अगं घालवायला नाही! तू खिडकीत बसून उसासे टाकायचीस! मला वाटलं, माझ्यामुळे अडकलीस!"

"माझी पाठ दुखते हो!" वहिनी इतक्या मोठ्याने ओरडल्या, की पलीकडच्या झाडातले पक्षी उडाले. "बावीस वर्षं पाठ दुखतेय माझी! एकदा विचारायचं तरी!"

वहिनी रागाने रीळ फिरवू लागल्या. वन्सं जवळ येत होत्या. साठ फूट, चाळीस फूट. आता ओरडायची गरज उरली नव्हती. वीसेक फुटांवर वन्सं थांबल्या. डोळे पुसायला एक हात मोकळा होता, तो त्यांनी वापरला.

"दादा गेला आणि तू इथेच राहिलीस. मी कधी तुला राहतेस का म्हणून विचारलंच नाही. गृहीत धरलं. चुकलं माझं. आता विचारते. मला तू हवी आहेस घरात. राहशील?"

वहिनींनी उरलेली दोरी भरली. टोकाला नवा नायलॉनचा धागा ओवून गाठ ओठांत ओली करून आवळली. त्यांनी डब्यातून एक माशी काढली. ती घाईत कातरायची राहिली होती, तिची पिसं विस्कटलेली होती. माशी बांधून त्यांनी मला वन्संच्या हातात दिलं.

"तिकीट काढलंय, ते फुकट घालवणार नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवारी जाते. पुढचं पुढे. टाका आता."

वन्संनी मला उचललं. दोरी मागे गेली, वन्सं थांबल्या, आणि यावेळी दोरीच्या जाड अंगाने मला ओढलं, मी वाकलो आणि सुटलो. दोरी नदीवरून सावकाश उलगडत गेली. ती खाली येईपर्यंत मला वाटलं, वेळ थांबला आहे. विस्कटलेली माशी पाण्यावर टेकली. एक लहानसा मासा वर आला, त्याने ती घेतली, थोडं भांडला आणि काठाशी आला. वन्संनी आकडा सोडवून त्याला हळूच पाण्यात सोडलं. "जा," त्या त्याला म्हणाल्या.

मंगळवारी वहिनी गेल्या. परत कधी येणार, हे त्यांनी सांगितलं नाही. वन्संनीही विचारलं नाही. एकदा विचारलं ते पुरे, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. मशीनवर झाकण बसलं. मी रविवारचा ओलाच पिशवीत राहिलो होतो. मला पुसायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या बुचाच्या मुठीवर बुरशीचे काळे ठिपके आले, ते अजून आहेत. रिळाला गंज चढू लागला. मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं : ओला गळ पिशवीत ठेवू नका. त्याला पुसा, सावलीत वाळवा, दोरीवरची वाळू फडक्याने काढा. स्वस्तातली वस्तू आहे म्हणून तिला टाकून देऊ नका. आणि घरातल्या माणसाबद्दल मनात काही आलं, तर ते मनात उलटसुलट गुंडाळत बसू नका. तुम्हाला तोंड आहे. सरळ विचारा.

मी त्या पिशवीत दिवस मोजत नव्हतो, पेंगत होतो. वन्सं मात्र मोजत होत्या. रोज सकाळी त्या मशीनचं झाकण पुसायच्या आणि मोठ्याने आकडा म्हणायच्या. सातवा. आठवा. दहाव्या दिवसानंतर त्यांनी आकडा म्हणणं बंद केलं.

बाराव्या दिवशी दुपारी दार वाजलं. बॅग टेकवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी थेट माझ्याकडे आलं, मला पिशवीतून काढलं आणि "अगंबाई, काय ही दशा!" म्हणत पदराने माझी मूठ पुसायला लागलं. ते हात वहिनींचे होते.

वन्सं दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बहिणीने कशी सोडली तुला?"

"नव्हती सोडत," वहिनी मला पुसत पुसत म्हणाल्या. "राहतेस का म्हणून रोज विचारायची. मी तिला सांगितलं, तुझ्या आधी मला एकीने विचारलंय."